रहाडीचे फोटो कुठे टाकायचे, रहाडीची माहिती कुठे लिहायची: ब्लॉकचेनवरचा आणि स्वतःच्या ब्लॉगवरचा मोबदला

रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे नाशिकच्या चौकातल्या रंगाच्या जुन्या हौदात, धप्पा (उडी) मारतानाचे आठ फोटो आणि सोबत चार परिच्छेद, एवढं हाईव्ह या ब्लॉकचेनवरच्या लेखनमंचावर टाकलं तर त्याची कमाई बरोबर सात दिवसांनी थांबते. ‘नाशिकच्या रहाडी: कुठे आहेत, कधी उघडतात, काय घालून जावं’ हा लेख स्वतःच्या ब्लॉगवर टाकला तर पहिल्या सात दिवसांत बहुधा एक रुपयाही येत नाही. पण दरवर्षी फाल्गुन लागला की लोक तो शोधत येतात.

एक झाली मेथीची जुडी, दुसरी द्राक्षाची वेल. जुडी आज विकली नाही तर उद्या तिला कोणी विचारत नाही. वेलीचं पहिलं पीक हाती यायलाच वेळ लागतो, नंतर मात्र एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी केली की ती वर्षानुवर्षं देत राहते. ब्लॉगिंगमधून कमावायचं म्हणणारे बरेच जण जुडीच्या बाजारात वेल लावतात आणि वेलीकडून आठवड्यात पैसे मागतात. म्हणून खातं उघडण्याआधी पैसा येतो कुठून, ते पाहून घ्या.

पैसा येतो कुठून

स्वतःच्या ब्लॉगवर पैसा जाहिरातदाराचा असतो. वाचक आला, जाहिरात दिसली, की त्यातला हिस्सा तुमच्या ॲडसेन्स (गूगलची जाहिरातसेवा) खात्यात जमा होतो. वाचक जितके जास्त तितका पैसा जास्त, इतकं ते सरळ आहे.

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली, कोणालाही वाचता येणारी आणि खोडता न येणारी वही. तिच्यावरच्या मंचावर जाहिरातदार नसतो. ही पद्धत २०१६ मध्ये स्टीमने रूढ केली. २०२० मध्ये स्टीममागची स्टीमिट कंपनी ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांच्याकडे गेली, संस्थापकांच्या वाट्याच्या टोकनांवरून वाद पेटला आणि त्याच वर्षी २० मार्चला बरेचसे वापरकर्ते वेगळे होऊन हाईव्ह ही नवी चेन सुरू झाली. स्टीम अजून चालू आहे, पण पुढची सगळी उदाहरणं हाईव्हची आहेत. इथे चेन सतत नवी टोकनं, म्हणजे स्वतःच्या क्रिप्टो चलनाची नाणी, तयार करते आणि त्यातला ६५ टक्के हिस्सा लेखक आणि मतदार यांच्यासाठीच्या सामाईक हौदात जातो. हौदातलं वाटप मतांवर होतं, आणि मताचं वजन मत देणाऱ्याकडे अडकवून ठेवलेली टोकनं, म्हणजे हाईव्ह पॉवर, किती आहे त्यावर ठरतं.

याचा व्यवहारातला अर्थ नीट समजून घ्या. व्हॉट्सॲपवर लिंक पाठवून पाचशे नातेवाईकांनी लेख वाचला तरी हाईव्हवर तुम्हाला शून्य मिळतं, कारण त्यांची तिथे खाती नाहीत. आणि भरपूर पॉवर असलेल्या एकाच वाचकाने मत दिलं तर दोन-चार डॉलर दिसू लागतात. लेख चांगला असून चालत नाही, तो हाईव्हच्या गावातल्या माणसांपर्यंत पोचावा लागतो.

हाईव्हचं खातं आणि चाव्या

इथे घाई करणाऱ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, म्हणून हा भाग सावकाश वाचा.

खातं पीकडी किंवा ईसेन्सीसारख्या ॲपवरून उघडता येतं. चेनवर खातं तयार करण्याचं शुल्क ३ हाईव्ह आहे. काही ठिकाणी ॲप ते स्वतः भरतं, काही ठिकाणी तुमच्याकडून पैसे घेतं. खात्याचं नाव ३ ते १६ अक्षरांचं, रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांत, आणि एकदा घेतलं की बदलत नाही. गाडीच्या नंबरसारखं नाव घेऊ नका, आणि आपलं पूर्ण नावही देऊ नका. या खात्यात किती शिल्लक आहे, कोणाला किती पाठवले, कधी काढले, हे सगळं जगातल्या कोणालाही दिसतं. आपलं बँक पासबुक चौकात टांगून ठेवल्यासारखं आहे ते.

खातं उघडलं की एक मास्टर पासवर्ड आणि चार चाव्या मिळतात:

– पोस्टिंग की: लेख, प्रतिक्रिया, मत. रोज लागते ती एवढीच.
– ॲक्टिव्ह की: पैसे पाठवणं, काढणं, साठवणं.
– ओनर की: बाकीच्या चाव्या बदलण्यासाठी.
– मेमो की: गुप्त संदेश वाचण्यासाठी.

मास्टर पासवर्ड आणि ओनर की कागदावर उतरवा, दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ठेवला तर तो क्लाऊडवर जातो, त्याला जपून ठेवणं म्हणत नाहीत. उतरवताना कॅपिटल आणि छोटी अक्षरं स्पष्ट लिहा, आणि लिहिलेल्या कागदावरूनच एकदा लॉगिन करून बघा. चूक असेल तर ती आत्ताच कळलेली बरी. रोजच्या वापरासाठी ब्राउझरमध्ये हाईव्ह कीचेन हे चाव्या सांभाळणारं एक्स्टेन्शन टाका आणि सुरुवातीला त्यात फक्त पोस्टिंग की भरा.

‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण इथे नाही. ओनर की चोरीला गेली तर ३० दिवसांच्या आत, जुनी ओनर की आणि तुमचं रिकव्हरी खातं (अशा वेळी मदतीसाठी नेमलेलं दुसरं खातं) या दोघांच्या मदतीने खातं परत मिळवता येतं. पण की हरवलीच असेल तर खातं गेलं. ते कोणत्याही हेल्पलाइनच्या हातात नाही.

आणखी एक नेहमीची चूक. पैसे पाठवताना ‘मेमो’ नावाचा रकाना येतो. नवखा माणूस तिथे मेमो की मागितली असं समजून खासगी की चिकटवतो. तो रकाना सार्वजनिक असतो, व्यवहार झाला की ती की कायमची उघडी पडते, आणि अशा चाव्या टिपणारे प्रोग्राम तयारच बसलेले असतात. खूण साधी आहे: खासगी की ५ या आकड्याने सुरू होते, सार्वजनिक की एसटीएम या तीन अक्षरांनी. पाचाने सुरू होणारं काहीही मेमोत, प्रतिक्रियेत किंवा कोणाच्या चॅटमध्ये जाता कामा नये.

पहिला लेख टाकताना

नव्या खात्यात पॉवर जवळजवळ नसते, त्यामुळे रिसोर्स क्रेडिटही, म्हणजे चेनवर काही लिहिण्यासाठी खर्च होणारी शिल्लक, कमी असते. दोन-तीन पोस्ट आणि काही प्रतिक्रिया झाल्या की ‘क्रेडिट पुरेसे नाहीत’ असा निरोप येतो. खातं बिघडलेलं नसतं, थांबायचं असतं. रिकामी झालेली टाकी पाच दिवसांत पूर्ण भरते. घाई असेल तर ज्या ॲपवर खातं उघडलं त्याच्याकडे थोडी पॉवर उसनी मिळते का ते बघा.

पहिली पोस्ट ओळखीची. नाव-गाव सांगण्यापेक्षा काय लिहिणार ते सांगा, आणि खात्याचं नाव कागदावर लिहून तो हातात धरलेला एक फोटो द्या, म्हणजे तुम्ही दुसऱ्याचे लेख उचलणारे नाही हे तिथल्या लोकांना पटतं. त्यानंतर दोन आठवडे लेखांपेक्षा प्रतिक्रिया जास्त लिहा. ‘छान’, ‘मस्त’ लिहून कोणी लक्षात ठेवत नाही. ज्याने हंगेरीतल्या द्राक्षबागेवर लिहिलंय त्याला निफाडकडे कडाक्याच्या थंडीत बागेत रात्री शेकोट्या का पेटवतात ते चार ओळींत सांगा, तो तुमच्या पानावर येईलच.

मराठी वाचक हाईव्हवर मोजके आहेत. फक्त मराठीत लिहिलं तर मत देणाऱ्यांना काही कळत नाही, फक्त इंग्रजीत लिहिलं तर आपल्या लिहिण्यातला रस निघून जातो. मधला मार्ग असा: वर मराठी मजकूर, खाली स्वतः केलेलं इंग्रजी रूप, मध्ये एक आडवी रेघ. मशीनने केलेलं भाषांतर जसंच्या तसं टाकू नका, ते ओळखू येतं आणि त्याच्याविरुद्ध मतं पडतात.

टॅग रोमन लिपीत द्या. देवनागरी शीर्षक चालतं, पण पोस्टच्या पत्त्यात फक्त रोमन छोटी अक्षरं, आकडे आणि जोडरेघ बसते, त्यामुळे पत्त्यात काहीतरी अगम्य अक्षरं येऊ शकतात. ॲप पत्ता बदलू देत असेल तर प्रकाशित करण्याआधीच बदला, नंतर बदलत नाही.

फोटो स्वतःचे हवेत. शेजारच्या मुलांचे चेहरे, गाडीचा नंबर, घराची पाटी दिसत असेल तर तो फोटो गाळा आणि फोटोतली लोकेशनची माहिती काढून टाका. पोस्ट नंतर दुरुस्त करता येते, पण आधीची आवृत्ती चेनवर राहतेच. ‘डिलीट’ म्हणजे इथे फार तर पानावरून दिसेनासं होणं.

एका पोस्टचा हिशेब

समजा सातव्या दिवशी पोस्टवर ४ डॉलर दिसतायत. नवखा लगेच चाराला नव्वदने गुणतो, ३६० रुपये म्हणतो आणि खूश होतो. प्रत्यक्षात असं होतं. निम्मे, म्हणजे २ डॉलर, मत देणाऱ्यांना जातात. उरलेल्या दोनांपैकी १ डॉलर एचबीडीत मिळतो, म्हणजे डॉलरच्या आसपास राहणाऱ्या टोकनात. दुसरा १ डॉलर हाईव्ह पॉवरच्या रूपात मिळतो. हाईव्हचा भाव ०.२० डॉलर धरला तर ती ५ हाईव्हइतकी पॉवर झाली. ही पॉवर रोकड करायची तर पॉवर डाऊन सुरू करावा लागतो आणि ती १३ आठवड्यांत, दर आठवड्याला एक हप्ता अशी सुटते. तोवर भाव कुठे असेल, ते कोणी सांगू शकत नाही.

म्हणजे ३६० दिसले, हातात मोकळे आले ९०. ॲपने ‘लाभार्थी’ म्हणून स्वतःचं नाव घातलं असेल तर त्यातूनही काही टक्के जातात, तेव्हा प्रकाशित करण्याआधी तो रकाना उघडून बघा. आणि शेवटचा आकडा ०.०२ डॉलरच्या खाली राहिला तर काहीच मिळत नाही.

सात दिवसांत दिसणारा आकडा उतरूही शकतो. विरोधी मत देणारे असतात. चोरलेला मजकूर, एकमेकांची मतं विकत घेणं, रोज चार ओळींच्या दहा पोस्ट यावर ती पडतात, आणि कधी कधी निव्वळ ‘याला लायकीपेक्षा जास्त मिळतंय’ म्हणूनही पडतात. त्यावर भांडण काढलं की पुढच्या पोस्टवरही तो माणूस येतो. कारण विचारा, चूक असेल तर सुधारा, नसेल तर पुढचं लिहा.

मत देण्यालाही कमाई आहे. पूर्ण ताकदीचं एक मत २ टक्के शक्ती खातं आणि दिवसाला २० टक्के परत भरते, म्हणजे दिवसाला दहा पूर्ण मतं. पोस्ट आल्यापासून पहिल्या २४ तासांत दिलेल्या मतांना पूर्ण वाटा मिळतो, नंतर तो घटतो. पॉवर थोडी असेल तर ही कमाई नावापुरतीच. पण मत देत राहिलं की लोक ओळखतात, आणि सुरुवातीला खरी किंमत त्या ओळखीची असते.

रुपये हातात आणताना

क्रम असा. वॉलेटमधल्या अंतर्गत बाजारात एचबीडी देऊन हाईव्ह घ्या. मग जे एक्स्चेंज, म्हणजे टोकनं रुपयांत विकण्याचा ऑनलाइन बाजार, हाईव्ह स्वीकारतं आणि भारताच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदलेलं आहे, तिथे पाठवा. तिथे विका आणि रुपये आपल्याच नावाच्या बँक खात्यात घ्या. हाईव्ह स्वीकारलं जातं का, हे पाठवण्याच्या दिवशी तपासा, कारण एक्स्चेंज टोकनं यादीतून काढत असतात.

एक्स्चेंज जमा करण्यासाठी खात्याचं नाव आणि मेमो असे दोन्ही देतं. मेमो विसरला तर पैसे एक्स्चेंजच्या सामाईक खात्यात जातात आणि ते तुमचे आहेत हे सिद्ध करत बसावं लागतं. पहिल्यांदा १ हाईव्ह पाठवा, तो पोचल्यावर बाकीचे. आणि पैसे तिथे साठवून ठेवू नका. जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची टोकनं चोरीला गेली, तेव्हा लोकांची खाती महिनोन्महिने गोठली होती.

अनोळखी माणसाला टोकन देऊन यूपीआयने पैसे घेण्याचा मार्ग जलद वाटतो. समोरून आलेला पैसा सायबर गुन्ह्यातला निघाला तर तुमचं बँक खातं गोठतं आणि मग दूरच्या एखाद्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी पत्रव्यवहार सुरू होतो. नव्वद रुपयांसाठी हे परवडत नाही.

स्वतःचा ब्लॉग

ब्लॉगरवर खातं फुकट, होस्टिंग फुकट. स्वतःचं डोमेन, म्हणजे ब्लॉगचा स्वतःच्या नावाचा पत्ता, घ्या, त्याचे दर वर्षी पैसे भरावे लागतात. फक्त पहिल्या वर्षाची सवलत पाहू नका, नूतनीकरणाचा दर पाहा.

पहिली खाच पत्त्याचीच, पण इथे ती जास्त महाग पडते. शीर्षक देवनागरीत असलं की ब्लॉगर पानाचा पत्ता ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि पुढे एखादा आकडा असा करून टाकतो. सगळ्या लेखांचे पत्ते सारखेच दिसतात आणि शोधयंत्राला त्यातून काही कळत नाही. उजवीकडच्या सेटिंगमध्ये ‘कस्टम परमालिंक’ निवडा आणि प्रकाशित करण्याआधी रोमन लिपीत नाशिक, रहाड, रंगपंचमी असे शब्द जोडरेघेने लिहा. त्यात साल घालू नका, पुढच्या वर्षी तो शिळा दिसतो.

ॲडसेन्ससाठी अर्ज करण्यापूर्वी वीस-पंचवीस भरीव लेख तयार ठेवा. ही आमची शिफारस आहे, गूगलचा नियम नाही. मराठी ही ॲडसेन्सची मान्य भाषा आहे. अर्ज फेटाळला जातो तो बहुतेक वेळा ‘कमी मूल्याचा मजकूर’ या कारणाने: इकडून तिकडून जमवलेले तीनशे शब्दांचे लेख, रिकामी लेबलं, गोपनीयता धोरणाचं पान नाही, असं सगळं. दुरुस्त न करता पुन्हा पुन्हा अर्ज करण्यात फक्त वेळ जातो.

कमाई १० डॉलरला पोचली की पत्ता पडताळणीचा पिन साध्या टपालाने येतो, दोन ते चार आठवड्यांत. पत्ता पोस्टमनला कळेल असा लिहा: सोसायटीचं नाव, जवळची खूण, मग इंदिरानगर की पाथर्डी फाटा ते, आणि पिनकोड अचूक. पत्रं सोसायटीच्या गेटवरच पडून राहतात, वॉचमनला सांगून ठेवा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती बंद होतात.

पैसे १०० डॉलर झाल्यावर पाठवले जातात, पुढच्या महिन्याच्या २१ ते २६ तारखेच्या दरम्यान, वायर ट्रान्सफरने. त्यासाठी बँकेचा स्विफ्ट कोड (परदेशातून पैसे येण्यासाठीचा क्रमांक) लागतो. अनेक सहकारी बँका आणि पतसंस्थांकडे तो नसतो, तेव्हा खातं कुठलं द्यायचं ते आधीच ठरवा. ॲडसेन्सवरचं नाव आणि बँकेतलं नाव अक्षरशः एक हवं. पहिल्या वेळी बँक पैसे कशाचे म्हणून विचारते, ‘जाहिरातीचं उत्पन्न’ असं लेखी द्यायची तयारी ठेवा.

किती वाचक लागतील? हजार वेळा पान उघडल्यावर ४० रुपये मिळतात असं धरून चालू. १०० डॉलर म्हणजे ९,००० रुपये, त्याला सव्वादोन लाख वेळा पान उघडलं जायला हवं. पहिल्या वर्षी तितके वाचक न मिळणं हेच स्वाभाविक आहे. इथे धीर सुटतो आणि ग्रुपवर ‘सगळ्यांनी लेख उघडून जाहिरातीवर क्लिक करा रे’ असा मेसेज जातो. ते क्लिक ओळखले जातात, पैसे परत घेतले जातात आणि खातं बंद होतं. स्वतःही कधी आपल्या जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही, ‘चालते का बघतो’ म्हणूनही नाही.

तोच विषय दोन्हीकडे

तोच मजकूर दोन्हीकडे चिकटवू नका. हाईव्हवरची एक पोस्ट अनेक ॲपवर वेगवेगळ्या पत्त्यांवर दिसते, आणि ती आधी गेली तर शोधात तुमच्याच ब्लॉगच्या वर बसू शकते. शिवाय हाईव्हवर चोरी शोधणारे स्वयंसेवक आहेत, त्यांना मजकूर आधीच कुठेतरी सापडला की तुम्ही चोर ठरता. म्हणून ब्लॉगच्या ‘माझ्याविषयी’ पानावर हाईव्हच्या खात्याची लिंक आणि हाईव्हच्या ओळखीत ब्लॉगची लिंक, हे पहिल्याच दिवशी करून टाका.

वाटणी अशी करा. जे त्या दिवसाचं, डोळ्यांनी पाहिलेलं, ते हाईव्हवर: रहाडीतला गोंधळ, गोदेला पूर आल्यावर दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं, मिसळीच्या तर्रीचे क्लोजअप. जे लोक पुढेही शोधणार, ते ब्लॉगवर: रहाडींची ठिकाणं, पांडवलेणीच्या पायऱ्या आणि चढायला लागणारा वेळ, २०२७ च्या सिंहस्थात पंचवटीत गाडी कुठवर नेता येईल. हाईव्हच्या पोस्टखाली ब्लॉगची लिंक द्यायला हरकत नाही. पण पोस्ट म्हणजे नुसती लिंकच असेल तर मत कोणी देत नाही.

कर आणि वही

क्रिप्टोच्या विक्रीवरच्या नफ्यावर १ एप्रिल २०२२ पासून सरसकट ३० टक्के कर आणि वर ४ टक्के उपकर आहे. खरेदीची किंमत सोडून दुसरा खर्च वजा होत नाही. एका टोकनातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वळता होत नाही. १ जुलै २०२२ पासून १ टक्का टीडीएसही आहे.

लेखनाचं टोकन विकत घेतलेलं नसतं, तेव्हा बहुतेक सीए दोन टप्पे धरतात. मिळालं त्या दिवशीच्या भावाने ते उत्पन्न, आणि विकताना वाढलेला भाव हा नफा. ५० हाईव्ह मिळाले तेव्हा भाव १८ रुपये होता, तर ९०० रुपये उत्पन्न. २२ ला विकले तर १,१०० आले, नफा २००, त्यावर कर ६० रुपये आणि उपकर २ रुपये ४० पैसे. एचबीडी देऊन हाईव्ह घेणं हीसुद्धा एक विक्रीच आहे, हे बरेच जण विसरतात. ॲडसेन्सचं उत्पन्न नेहमीच्या उत्पन्नात धरून स्लॅबप्रमाणे कर लागतो. आपल्या बाबतीत कसं दाखवायचं ते सीएला मार्चच्या आधी विचारा, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात नाही.

एक्सेलमध्ये सहा रकाने पुरतात: तारीख, कुठून आलं, टोकन, नग, त्या दिवसाचा रुपयातला भाव, टीडीएस. दर रविवारी दहा मिनिटं. वर्षभराची नोंद मार्चमध्ये एकदम करायला बसलात तर नग सापडतात, त्या-त्या दिवसाचा भाव शोधताना मात्र डोळे दुखतात.

आणि फाल्गुन लागण्याआधी, साधारण महाशिवरात्रीच्या सुमारास, ब्लॉगवरचा रहाडीचा लेख उघडा. तारीख बदला, यंदा कोणती रहाड उघडणार ते चौकात जाऊन विचारा, एक नवा फोटो घाला, पत्ता तोच ठेवा. हाईव्हसाठी मात्र रंगपंचमीला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पुन्हा तिवंधा चौकातल्या रहाडीवर जावं लागेल.